कोजागरीचं ग्रहण आणि मालिकेतले ऋषी

२०२३ची कोजागरी शनिवारी, २८ ऑक्टोबरला आली आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. कोजागरीची रीत सांगते, आटवलेलं दूध चांदण्यात ठेवा, त्यात चंद्र बघा, मग प्या. ग्रहणाची रीत सांगते, दूध झाकून ठेवा, वर तुळशीचं पान टाका. दोन रीती अशा समोरासमोर आल्या की घराघरांतल्या बायका काय तो मार्ग काढतात. कुणी वेध लागायच्या आत नैवेद्य उरकतं, कुणी दूध दुसऱ्या रात्रीवर ढकलतं. आमच्या गावातही तसंच झालं असतं आणि मला लिहायला काही उरलं नसतं. पण आठ दिवस आधी गावात एक नट येऊन गेला होता.

मी इथल्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो. या प्रकरणात मी नुसता बघ्या नव्हतो, आयोजकांपैकी होतो. पहिली चूकही माझीच आहे.

सुपारी

गाव चाळीसगाव तालुक्यातलं, पाटणादेवीच्या वाटेवरचं. नवरात्रात देवीला पायी जाणाऱ्यांची रीघ असते. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. महिनाअखेरीस शासनानं ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत चाळीसगाव होतं (चाळीसात चाळीसगाव, हा विनोद तेव्हा प्रत्येकानं एकेकदा करून घेतला). कापूस हाती लागेल की नाही याची धास्ती होती, तरी मंडळाची वर्गणी जमली. कारण २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं होतं आणि देखावा त्याचाच ठरला होता. पुठ्ठा आणि चंदेरी कागदाचं विक्रम लँडर आमच्या नववीच्या पोरांनी केलं.

उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, यावर बैठक बसली. मी कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांचं नाव सुचवलं. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. दादा हसले. म्हणाले, ‘सर, मास्तर ऐकायला लोक रोज शाळेत पोरं पाठवतातच की.’ आणि त्यांनी पौराणिक मालिकेत ऋषींचं काम करणाऱ्या एका नटाची तारीख घेतली. अशा हजेरीला त्या धंद्यात सुपारी म्हणतात. सुपारी किती होती ते मंडळाच्या हिशेबात ‘इतर खर्च’ या ओळीत आहे.

पाहुण्यांचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘ज्यांच्या मुखातून आपण रोज ऋषीवाणी ऐकतो असे…’ शाळेत टाळ्या पडणारी वाक्यं लिहायची सवय असते, तसं ते हातून गेलं. ज्या माणसाला आपण अभिनेता म्हणून बोलावलं, त्याला मी दोन ओळींत ज्ञानी करून टाकलं. पुढे त्यांनी जे केलं ते मी दिलेल्या पाटावर बसूनच केलं.

सहाव्या माळेला ते आले. अंगावर मालिकेतला वेश नव्हता, साधा झब्बा आणि भगवी शाल होती, पण आवाज तोच. ध्वनिक्षेपकावर मालिकेचं शीर्षकसंगीत वाजलं आणि पुढच्या रांगेतली माणसं उठून पाया पडायला लागली. ही माणसं भोळी नव्हेत. कपाशीचं बियाणं घेताना दुकानदाराला तीनदा उलटतपासणी करणारी माणसं आहेत. मी शेजारच्या आप्पांना हळूच म्हटलं, ‘आप्पा, नट आहे तो.’ आप्पा म्हणाले, ‘नट शे ते माले माहीत शे. पन इतला वरीस तेच बोली राहिना, तर काही ना काही माहीत व्हईच ना.’

आप्पांच्या बोलण्यात तर्क आहे. रोज ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ट्रॅक्टर कळतो, मग रोज वेद बोलणाऱ्याला वेद कळत असणार. फरक एवढाच की ट्रॅक्टर चुकीचा चालवला तर बांधावर चढतो आणि दिसतो. संवाद चुकीचा म्हटला तर पुन्हा टेक घेतात.

भाषण

भाषण वीस मिनिटांचं. सुरुवातीला ते देवीबद्दल बोलले, आपल्या आईच्या नवसाबद्दल, लहानपणच्या घटस्थापनेबद्दल. चांगलं बोलले. त्यावर हरकत घेण्यासारखं काही नव्हतं आणि आजही नाही. माणूस स्वतःच्या श्रद्धेबद्दल बोलतो तेव्हा त्याच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला असणार?

मग ते चांद्रयानाकडे वळले आणि तिथून घसरले. मी त्या रात्री घरी जाऊन तीन विधानं वहीत लिहून ठेवली. एक, गुरुत्वाकर्षण न्यूटननं आपल्या भास्कराचार्यांच्या ग्रंथातून उचललं. दोन, ग्रहणात चंद्रातून जे किरण निघतात त्यांनी अन्नातले अणू बदलतात, दुधाचं तर विष होतं. गरोदर बाईनं वेध लागल्यापासून मोक्षापर्यंत पाण्याचा थेंब घेऊ नये, हालचाल करू नये, आणि हे आता शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय. तीन, इस्रोचे शास्त्रज्ञसुद्धा तिरुपतीला जातात, मग शंका घेणारे तुम्ही कोण?

टाळ्या तिसऱ्या विधानाला सर्वांत जास्त पडल्या. मी व्यासपीठावर होतो. मीही हात हलवले. नववीची पोरं समोर बसली होती आणि त्यांनी ते पाहिलं.

आइनस्टाइनविरुद्ध आइनस्टाइन

दुसऱ्या दिवशी आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं गावच्या व्हॉट्सॲप गटात आइनस्टाइनचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की देव हा शब्द आइनस्टाइनच्या लेखी माणसाच्या दुबळेपणातून आलेला आहे. मजकूर खरा होता. १९५४च्या जानेवारीत तत्त्वज्ञ एरिक गुटकिंड यांना लिहिलेल्या पत्रात आइनस्टाइननं हे म्हटलंय, आणि ते पत्र २०१८ साली लिलावात सुमारे २९ लाख डॉलरला गेलं. तासाभरात मंडळाच्या एका पोरानं उलटा फोटो टाकला. आइनस्टाइन तोच, वाक्य दुसरं: धर्माविना विज्ञान पांगळं, विज्ञानाविना धर्म आंधळा. तेही खरं. १९४१ साली छापलेल्या लेखातलं. मग तिसऱ्यानं स्पिनोझाचा देव आणला, तो १९२९चा.

दुपारपर्यंत आइनस्टाइननं आइनस्टाइनला हरवलं होतं आणि ग्रहणाबद्दल एक अक्षर कुणी बोललं नव्हतं.

सहकारी माझ्याकडे आला, म्हणाला, ‘सर, याहून मोठं नाव सांगा.’ मला तेव्हा खटकलं. नटाच्या नावाला आपण नोबेलवाल्याचं नाव लावतोय. पैलवान बदलला, कुस्ती तीच. आणि नोबेलवाले तरी सगळीकडे बरोबर असतात असं थोडंच आहे? लायनस पॉलिंगला १९५४चं रसायनशास्त्राचं नोबेल आणि १९६२चं शांततेचं, दोन्ही एकट्याला. पण क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसानं सर्दी रोखता येते हे त्यानं १९७०पासून जगभर सांगितलं ते पुढच्या चाचण्यांत टिकलं नाही. कॅरी मुलिसनं पीसीआरची पद्धत शोधली, १९९३ला नोबेल मिळवलं, आणि एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारलं. आपल्या शेताच्या बांधाबाहेर गेला की मोठा शेतकरीही पाहुणाच असतो. नट तर पहिल्यापासून पाहुणा होता.

भास्कराचार्यांना विचारू

तिघांपैकी पहिलं विधान गावाच्या मर्मावर हात ठेवणारं होतं, म्हणून त्याला आधी हात घालायचा ठरवला. पाटण हे भास्कराचार्यांचं गाव असं इथं शेंबडं पोरही सांगतं. आचार्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगितलंय. ते नेमकं कोणतं यावर विद्वानांचा वाद आहे. पाटणच्या शिलालेखाबद्दल मात्र वाद नाही. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला, आणि १२०७ साली त्या मठाला दान मिळालं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील आला की भाषा मराठी होते: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं, आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. मला हा भाग फार आवडतो. गणिताची शाळा तेल्याच्या घाण्यावर चालली आणि ते लिहायला मराठीच लागली.

तर नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर आचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतल्या गोलाध्याय या भागातला एक श्लोक लिहिला, ‘आकृष्टिशक्तिश्च मही तया यत्’ असा सुरू होणारा. संस्कृतच्या बाईंनी अर्थ लावून दिला. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते आणि ती वस्तू पडल्यासारखी भासते. सगळीकडे आकाश सारखंच असताना पृथ्वी बिचारी पडणार कुठे? ११५० सालचं लिखाण, वयाच्या ३६व्या वर्षी केलेलं. पोरांच्या अंगावर काटा आला, माझ्याही आला. एवढ्यापुरतं नट खरं बोलला होता आणि ते तसं कबूल करायला मला काही कमीपणा वाटला नाही.

मग ‘उचललं’ हा शब्द तपासला. न्यूटनचा प्रिन्सिपिया १६८७चा. लान्सलॉट विल्किन्सननं केलेलं आणि बापूदेव शास्त्र्यांनी तपासलेलं गोलाध्यायाचं इंग्रजी भाषांतर १८६१ला छापलं गेलं. न्यूटननं कुठे वाचलं असेल? एका पोरीनं विचारलं, ‘मग सर, दोघांनी सारखंच सांगितलं का?’ तेही नाही. पृथ्वी ओढते एवढंच न्यूटननं सांगितलं असतं तर त्याचं नाव आपण घेतलं नसतं. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच हिशेबात बसतात, आणि तो हिशेब मांडून धूमकेतूचीही वाट काढता येते, हे त्याचं काम. भास्कराचार्यांनी तो हिशेब मांडलेला नाही. त्यांचं मोठेपण दुसरीकडे आहे आणि ते सांगायला कुणाला चोर ठरवावं लागत नाही.

ते मोठेपण कुठे आहे हे त्या आठवड्यात मलाच नव्यानं कळलं. आपल्याच ग्रंथावरच्या वासनाभाष्यात आचार्य म्हणतात की गणितात उपपत्ती असलेलंच शास्त्रवचन प्रमाण. उपपत्ती म्हणजे हे असंच का, याची मांडणी. आणि ते नुसतं म्हणत नाहीत. लल्ल हा त्यांच्या आधीचा मोठा आचार्य. गोलाच्या पृष्ठफळाचा त्याचा नियम चुकीचा आहे हे त्यांनी नाव घेऊन दाखवलं, आणि आवळ्यावर फाका दिसतात तशा गोलाच्या फाका पाडून बरोबर उत्तर काढून दिलं. नववीच्या वर्गात आम्ही आवळे आणले होते. निम्मे मांडणी होण्याआधीच संपले.

ग्रहणाच्या बाबतीत तर हा माणूस आपल्या नटापेक्षा फार हुशार निघाला. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीनं होतं हे त्यांच्या काळाआधी साडेसहाशे वर्षं, आर्यभटापासून गणिती जाणत होते. पण शास्त्रांत राहू होता. ब्रह्मगुप्तानं यावर दोन दगडांवर पाय ठेवले: राहू न मानणाऱ्यांना दोष दिला आणि गणित मात्र सावलीचं केलं. अकराव्या शतकात अल्बेरुनीनं ते वाचून आश्चर्य केलंय की एवढा बुद्धिमान माणूस लोकांच्या दबावाला का वाकला. भास्कराचार्यांनी तोड काढली. काळोखरूप राहू शंभूच्या वरानं पृथ्वीच्या सावलीतच जाऊन बसतो आणि चंद्राला झाकतो, म्हणजे कुठल्याच आगमाला विरोध नाही! यात थोडी चतुराई आहे, थोडा मिस्कीलपणाही असावा असं मला वाटतं. पण महत्त्वाचं हे की राहूला राहूच ठेवलं. राहूचे किरण केले नाहीत. सावली किती, स्पर्श कधी, मोक्ष कधी, या हिशेबात राहूला जागा दिली नाही.

आशाताई

शुक्रवारी, ग्रहणाच्या आदल्या दिवशी, गावच्या आशाताई शाळेत आल्या. आमच्या शाळेच्या शिपायांची सून आठव्या महिन्यात, रक्त कमी, गोळ्या चालू. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, ठरवलं होतं की शनिवारी दुपारी वेध लागले की मध्यरात्रीनंतर मोक्ष होईपर्यंत पोरीनं उताणं पडून राहायचं, पाणीसुद्धा नाही. दहा तासांच्या वर. ‘टीव्हीमधल्या ऋषींनी तुमच्या शाळेच्या कार्यक्रमात सांगितलंय,’ असं त्यांनी आशाताईंना ऐकवलं. तुमच्या शाळेच्या. आशाताई माझ्याकडे त्यासाठी आल्या होत्या.

मी गेलो. सोबत लिंबू, मोसंबी आणि बॅटरी नेली. सूर्य, पृथ्वी, चंद्र, सावली. सांगितलं की चंद्रातून किरण निघत नाहीत, सूर्याचाच उजेड परत येतो. ग्रहणात तो उजेड कमी होतो, नवा काही येत नाही. आणि या ग्रहणात तर चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला जाणार आहे. माईंनी शांतपणे ऐकलं. चहा दिला. मग म्हणाल्या, ‘सर, ते सावलीनं माले माहीत शे. शाळामा शिकेल शे मी.’

मी पुढे काय बोलावं हे मला सुचेना. माईंना विज्ञान माहीत होतं. अडचण माहितीची नव्हतीच.

मग आशाताईंनी वेगळा प्रश्न विचारला. माई, तुमच्या वेळी तुमच्या सासूनं काय केलं होतं? माई आठवत बसल्या. भाजी चिरू नको म्हणायची. बाहेर जाऊ नको. दूध झाकायची. पाणी? पाणी कुणी बंद केलं नव्हतं. ‘दूध नासस म्हनीसन झाकायच्या का?’ मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. ‘दूध नासस म्हनीसन मी नही झाकस. मनी सासू झाके, म्हनीसन झाकस.’

हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या एका वाक्यामुळे. माईंच्या रीतीत किरण नव्हते, अणू नव्हते, विष नव्हतं. ती सासूची आठवण होती, घरातली एक वळणाची गोष्ट, आणि तिच्यात आजारी माणसासाठी, पोटुशीसाठी आपोआप सवड होती. नटानं तिला विज्ञानाची शाल पांघरली आणि सवड काढून टाकली. रीतीत माफी असते. विषाला कसली माफी? जी गोष्ट सासू ‘जमेल तसं’ म्हणून सांगायची, ती आता ‘शास्त्रज्ञांनी मान्य केलेली’ झाली होती. आपण समजतो की अशी भाषणं जुन्या समजुती टिकवतात. इथं जुनी समजूत मऊ होती, भाषणानं ती दगड झाली.

आशाताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि ग्रहणाच्या चौकटीतला बारीक मजकूर माईंना वाचून दाखवला. आपल्या पंचांगांत असतं तसं तिथंही होतं: बालक, वृद्ध, आजारी, अशक्त आणि गर्भवती यांनी वेध उशिरापासून पाळावेत. माईंनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. पंचांग नटापेक्षा दयाळू निघालं. ठरलं ते असं: सुनेनं संध्याकाळी पोटभर जेवायचं, गोळी घ्यायची, पाणी तुळशीचं पान टाकून उशाशी ठेवायचं आणि लागेल तेव्हा प्यायचं, कुशीवर झोपायचं, आणि भाजी चिरायची नाही. शेवटच्या अटीला आशाताईंनी आनंदानं मान्यता दिली. त्या म्हणाल्या, आठव्या महिन्यात कुणी भाजी चिरू दिली नाही तर बरंच आहे.

माझं मोसंबं पोरांनी खाल्लं.

बारा ग्लास

दुधाचं विष होतं हे विधान मात्र माईंचं नव्हतं, नटाचं होतं. त्याला सासूची आठवण लागू नव्हती. ते पदार्थाबद्दलचं विधान होतं आणि त्यामुळे तपासता येणारं होतं. नववीच्या पोरांनीच हट्ट धरला.

तपासायचं कसं, यासाठी मी त्यांना जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात वैज्ञानिक म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच येतं. ज्योतिष खोटं आहे असं ते नुसतं म्हणाले असते तरी वर्तमानपत्रांनी छापलं असतं. त्यांनी ते केलं नाही. २००८ साली पुण्यात, नरेंद्र दाभोलकर आणि इतरांना सोबत घेऊन, १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि आव्हान स्वीकारणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या. कुठली कोणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ती सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५०च्या आसपास आली असती. पोरांनी यातून एक गोष्ट बरोबर उचलली: तपासणाऱ्याला कोणता ग्लास कुठला ते कळता कामा नये.

दुष्काळाचं वर्ष, दूध महाग, म्हणून बाराच ग्लास. एकच दूध, एकदाच उकळलेलं. सहा माझ्या गच्चीवर, सहा खाली कपाटात, सगळ्यांवर मलमलचं फडकं. ग्लासांच्या बुडाला आकडे, आणि आकड्यांची यादी एका पोरीच्या दप्तरात बंद. आकाश निरभ्र होतं. १ वाजून ५ मिनिटांनी चंद्राची कड मळायला लागली, पावणेदोनच्या सुमारास ती सर्वांत जास्त चावल्यासारखी दिसली आणि २ वाजून २२ मिनिटांनी चंद्र मोकळा झाला. पोरांपैकी दोघांच्या घरून परवानगी नव्हती. ते आले नाहीत आणि मी त्यांना बोललोही नाही. माझ्या बायकोनं स्वैपाकघरातलं आमचं स्वतःचं दूध झाकून ठेवलं होतं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सकाळी सहाला संस्कृतच्या बाई आल्या. त्यांना यादी माहीत नव्हती. एकेक ग्लास त्यांनी उकळला. अकरा ग्लास उकळले, नासले नाहीत. सातव्या नंबरचा फाटला.

गच्चीवर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. यादी उघडली. सातवा ग्लास कपाटातला होता.

पोरं नाचायला लागली. मी थांबवलं, कारण हेही बरोबर नव्हतं. ग्रहणाखालचे सहाही चांगले राहिले आणि कपाटातला एक नासला याचा अर्थ ग्रहण दुधाला मानवतं असा होत नाही. एकजण म्हणाला, तो ग्लास नीट घासलेला नसणार. असेल. पण हा अंदाज झाला, आपण घासताना बघितलेलं नाही. दुसरा म्हणाला, कपाटात उकडत होतं, गच्चीवर गार होतं. हे जास्त पटण्यासारखं होतं, आणि मग तापमानाचा फरक आपण आधी का मिटवला नाही, हा प्रश्न माझ्यावर आला. बारा ग्लासांनी फार काही सिद्ध होत नाही. पण ‘विष होतं’ हे विधान इतकं ठाम होतं की ते पाडायला सहा ग्लास पुरले. त्या सहा ग्लासांचा चहा केला आणि मंडळाच्या मांडवात नेला. दादांनी घेतला. आप्पांनीही घेतला, पण आधी विचारलं, साखर घातलीय ना.

राहिलेलं

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवाबाहेर एक टपरी लागली होती, नटाचा फोटो लावून ग्रहणरक्षक लॉकेट विकणारी. तरुण सहकाऱ्याला गुन्हा नोंदवायचा होता. कायदा होता. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि चमत्कारी यंत्रांच्या जाहिराती त्याखाली बेकायदा ठरतात असा निकाल औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ला दिलेला आहे. आमचा जळगाव जिल्हा त्याच खंडपीठाखाली येतो. फसव्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद २०१९च्या ग्राहक कायद्यात आहे. पण टपरीवाल्यानं फोटो न विचारताच लावला होता असं निघालं, आणि आम्ही पोलिसांत जायच्या आत दादांनी टपरी उठवली होती. लॉकेट विकतो म्हणून उठवली नव्हती, जागेचे पैसे दिले नाहीत म्हणून उठवली होती.

तिरुपतीचं विधानही राहिलं. ते खरं आहे: चांद्रयान-३च्या उड्डाणाआधी इस्रोची काही माणसं यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुमलाला गेली होती. पोरांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं की ते मंदिरात गेले म्हणून त्यांनी इंधनाचा हिशेब सोडून दिला नाही, आणि हिशेब केला म्हणून मंदिरात जायचं थांबले नाहीत. मग मुलं म्हणाली, म्हणजे दोन्ही बरोबर? मी म्हटलं, एक गोष्ट बरोबर की चूक असते, दुसरी ज्याची त्याची असते. हे उत्तर मला स्वतःला पुरेसं वाटत नाही. माईंना ते पुरलं असतं.

नटाला मी पत्र लिहिलं, शास्त्रज्ञांनी मान्य केलंय ते कोणत्या, कुठे, एवढं विचारणारं. उत्तर त्यांच्या व्यवस्थापकाकडून आलं. पुढच्या नवरात्राच्या तारखा भरत आल्यात, लवकर कळवा.

शाळेच्या अभ्यागत वहीत मुख्याध्यापकांनी त्या दिवसाची नोंद केली होती: ‘पाहुण्यांनी विज्ञान व अध्यात्म या विषयावर मौलिक मार्गदर्शन केले.’ खाडाखोड चालत नाही, पण खाली लिहायला हरकत नाही असं सर म्हणाले. मी खाली लिहिलं: परिचयातलं ऋषीवाणीचं वाक्य माझं होतं आणि ते चुकीचं होतं. गरोदर स्त्रीनं ग्रहणात पाणी पिऊ नये हे पाहुण्यांचं सांगणं शाळेला मान्य नाही. २८ ऑक्टोबरच्या रात्री उघड्या ग्रहणाखाली ठेवलेलं दूध सकाळी उकळलं, नासलं नाही. सही केली.

जानेवारीत दुसऱ्या कामासाठी वही उघडली तेव्हा माझ्या सहीखाली कुणीतरी पेन्सिलीनं, पोरीचं असावं अशा अक्षरात, लिहून ठेवलेलं होतं: ‘आणि सातवा ग्लास?’